यवतमाळचं बोरीबंदर

यवतमाळ
२० जुलै २०२५

चि. आभास,

तुझं ते बोरीबंदरचं स्टेशन आहे ना, त्याच्या फाटकाला दोन खांब आहेत. एका खांबावर सिंह बसलाय आणि दुसऱ्यावर वाघ. स्टेशनकडे तोंड करून उभं राहिलं तर सिंह कोणत्या हाताला येतो, एवढं मला कळव. माझ्याजवळ दोन फोटो आहेत. एकात फाटकच आलेलं नाही आणि दुसऱ्यात सिंहापुढे बस उभी आहे.

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सॲपवर माझ्या निरोपाखाली दोन निळ्या खुणा उमटतात, म्हणजे वाचतेस, पण पुढे काही नाही. दीड वर्ष झालं. म्हणून हे पत्र. खोलीचा विषय मी काढणार नाही. तू काढलास तर बोलेन.

आता सिंह कशासाठी ते सांगते. आमच्या कॉलनीच्या दुर्गोत्सव मंडळाने यंदा देखावा म्हणून मुंबईचं स्टेशन उभं करायचं ठरवलंय. नवरात्रात यवतमाळ कसं असतं ते तुला सांगायला नको. गेल्या वर्षी पलीकडच्या मंडळाने राजस्थानातला महाल केला होता, सगळं गाव तिकडे लोटलं आणि आमच्या देवीपुढे आम्हीच. ते मंडळींना फार लागलं आहे.

मागच्या रविवारी मंडळाचे अध्यक्ष दारात उभे. पुंडलिकराव त्यांचं नाव. राळेगावकडे त्यांची शेती आहे, कापसाची पऱ्हाटी आणि तूर. मुलीच्या शिक्षणासाठी इथे घर केलं आणि मग इथलेच झाले. बायको बरीच वर्षं झाली जाऊन. मुलगी निकिता शाळेत माझ्या वर्गाला होती, आता नागपूरला नोकरी करते. त्यांच्यासोबत मंडपवाले देवीलाल होते. दोघंही चपला काढून अवघडून बसले.

"बाई, तुमी ड्रॉइंगच्या. आमाले नकाशा काढून द्या," पुंडलिकराव म्हणाले.

"कशाचा?"

"मुंबईच्या टेशनाचा."

"अहो, यवतमाळात धड गाडी नाही आणि तुम्ही स्टेशन कसलं बांधताय?"

"म्हनूनच तं! गाडी येईन तवा येईन. टेशन तयार पाह्यजे ना."

मी हसले, आभा. मोठ्याने हसले. देवीलाल एकदम दचकले. घरात इतका आवाज बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. मग मी हो म्हटलं.

तू इतकी वर्षं रोज त्या इमारतीसमोरून बँकेत जातेस. एकदा मान वर करून बघ आणि कळव. सलीलरावांना नमस्कार.

तुझी
ताई

*

यवतमाळ
६ ऑगस्ट २०२५

चि. आभास,

तुझं उत्तर नाही. हरकत नाही. सिंहाची आणि वाघाची जागा नकाशात मोकळी ठेवली आहे.

समाजमंदिराच्या फरशीवर खडूने अर्ध्या मापाचा नकाशा काढला. गुडघे दुखतात, पण फरशीवर ओणवं होऊन लांबच लांब रेघ ओढायची मजा फळ्यावर कधी आली नाही. ग्रंथालयातून पुस्तकं आणली आहेत. वाचते आणि दुपारी या दोघांना सांगते. स्टीव्हन्स नावाच्या साहेबाने आराखडा केला, बांधायला दहा वर्षं लागली, हे सांगितलं तेव्हा देवीलाल म्हणाले, "आपल्याले तं दोन मयने बी नाई भेटत, म्याडम."

एक गोष्ट वाचून मी किती वेळ पुस्तक मिटून बसले होते. भिंतीवर जी पानंफुलं, माकडं, मोर, घुबडं कोरली आहेत ना, त्यांतली कितीतरी मुंबईच्या कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांच्या हातची आहेत. आपल्याकडचीच मुलं. साहेबाने कमानी दिल्या आणि कमानींच्या पोटात या पोरांनी आपल्या रानातली पाखरं नेऊन बसवली. मी चित्रकलेच्या परीक्षांना इतक्या मुली बसवल्या, हे एकीलाही सांगितलं नाही. मला ठाऊकच नव्हतं.

पुंडलिकरावांना वेगळाच प्रश्न पडला होता. "इतकं मोठं कायले बांदलं बाई? मानूस तं तिकीट काढते अन् गाडीत बसते."

मी म्हटलं, "येणाऱ्याला वाटावं की आपण कुठेतरी मोठ्या ठिकाणी आलो."

त्यांनी थोडा विचार केला. "मंग आपल्या गावात येनाऱ्याले काय वाटत असन?"

"आपल्या गावात लोक एसटीने येतात. उतरल्या उतरल्या रसवंती दिसते."

"थे बी वाईट नाई," ते म्हणाले.

तू म्हणशील, ताई दिवसभर करते काय. तर सकाळी अकराला समाजमंदिरात जाते. दुपारी चहा होतो. चहा पुंडलिकराव घरून करून आणतात, थर्मासमध्ये. आधी पाक असायचा नुसता. मी एकदा काही न बोलता अर्धा कप ठेवून दिला, तर दुसऱ्या दिवसापासून माझ्या कपाला साखर बेताची. मी काही सांगितलं नव्हतं.

माझी तब्येत उत्तम आहे.

तुझी
ताई

*

यवतमाळ
२१ ऑगस्ट २०२५

प्रिय आभा,

फोटो मिळाला. खाली एक शब्द नाही, पण सिंह आहे, वाघ आहे, आणि फोटोच्या कोपऱ्यात तुझ्या निळ्या छत्रीचं टोक आहे. मी तो किती वेळा मोठा करून पाहिला ते सांगत नाही. दोघांना तू दाखवलंस तसंच बसवलं. देवीलालच्या माणसांनी वाघ इतका झकास रंगवला की सिंह त्याच्यापुढे मांजरासारखा दिसतो. तसाच राहू दिला. वाघ टिपेश्वरच्या जंगलातला आहे म्हणतात.

आता इथलं भांडण ऐक.

त्या मोठ्या घुमटाच्या टोकावर एक बाई उभी आहे. उजव्या हातात उंच धरलेली मशाल, डाव्या हातात चाक. प्रगतीची मूर्ती म्हणतात तिला. मी नकाशात ती काढली होती. परवाच्या बैठकीत एकजण उठला आणि म्हणाला, "देवी घुमटाच्या खाली बसणार. मग तिच्या डोक्यावर दुसरी बाई उभी कशी चालेल? तिथे त्रिशूळ लावा." झालं. निम्मी बैठक त्याच्या बाजूने.

मी सांगितलं, त्रिशूळ लावलात तर ते देऊळ होईल, स्टेशन राहणार नाही, मग माझा नकाशा मला परत द्या. पुंडलिकराव हातांची घडी घालून गप्प. मला त्यांचा राग आला. मग ते म्हणाले, "विमलताई काय म्हनतात थे ऐकू."

विमलताई म्हणजे मंडळातल्या सर्वांत म्हाताऱ्या. स्थापनेपासून देवीची पहिली ओटी त्याच भरतात. त्यांनी विचारलं, "थे बाई वरतं करते काय?"

"उजेड दाखवते," मी म्हटलं.

"माह्या घरी सून वरच्या माळ्यावर राह्यते अन् मी खाली. मले काई कमीपना आला काय? उलट थे वरून पायते कोन आलं, अन् मी खाली चहा ठेवतो. राहू द्या तिले."

ठराव मंजूर.

नंतर मी पुंडलिकरावांना विचारलं, "तुम्ही काहून नाही बोललात?" माझ्या तोंडून 'काहून' गेलं बघ. ते म्हणाले, "मी बोललो असतो तं लोक म्हनले असते, अध्यक्ष बाईच्या बाजूनं हाय. विमलताईले मी सकाळीच जाऊन भेटलो होतो."

असा माणूस आहे.

अजून एक गंमत. घड्याळाच्या खाली एक कोनाडा आहे. तिथे राणीचा पुतळा होता, तो स्वातंत्र्यानंतर उतरवला. आता जागा रिकामी. एका देणगीदाराने तिथे स्वतःचा फोटो लावायला मागितला. पुंडलिकरावांनी त्याला हात जोडले, म्हणाले, "भाऊ, थ्या जागेवरून राणीले उतरवलं. तुमी कायले चढता?"

कोनाडा रिकामा राहणार आहे.

तुझी
ताई

*

यवतमाळ
७ सप्टेंबर २०२५

प्रिय आभा,

तुझे फोटो पाहता पाहता दुपार गेली. मोर, माकडं, भिंतीतून मान बाहेर काढलेले ते मगरीसारखे प्राणी, आणि तिकिटाच्या दालनाचं छत. त्या छतावर पूर्वी निळ्या जमिनीवर सोनेरी तारे रंगवले होते असं मी वाचलं होतं, म्हणून आमच्या छतालाही देवीलालने निळं कापड घेतलं आहे. तू लिहिलंस की इतक्या वर्षांत तो मोर तुला कधी दिसला नव्हता, आणि आता तो पाहायला बँकेतून पाच मिनिटं आधी निघतेस. ते वाचून बरं वाटलं.

शेवटी तू एका ओळीत विचारलं आहेस, "हे पुंडलिकराव कोण?"

अगं, पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. मंडळाचे अध्यक्ष. राळेगावकडची शेती. निकिताचे वडील.

आता पुतळ्याचं सांगते. घुमटावरची बाई मी स्वतः करते आहे. तिला देवीलालच्या माणसांच्या हाती द्यायची नाही असं ठरवलं. रद्दी भिजत घातली, कुटली, मेथीचं पीठ आणि डिंक घालून लगदा केला. आतून बांबूची कामटी. मागच्या अंगणात उभी आहे, माझ्या खांद्याइतकी. चेहरा कोणाचा करावा हा प्रश्न होता. इतक्या उंचावर कोणाला दिसणार, म्हणून आईचा केला. नाक जमलं आहे. हनुवटी नाही जमली.

गेल्या रविवारी सहज राळेगावकडे जाऊन आले. बांबू पाहायचे होते, शेताच्या बांधावर त्यांची बेटं आहेत. निकिता आली होती, तिच्याच गाडीने गेलो. बांबू पाहून झाल्यावर पऱ्हाटीतून फिरलो. आभा, आपण यवतमाळात वाढलो आणि आपल्याला हे ठाऊक नाही, की पऱ्हाटीचं फूल उमलतं त्या दिवशी फिकट पिवळं असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. एकाच झाडावर दोन्ही. मी म्हटलं, दोन रंगांची फुलं कशी? तर पुंडलिकराव म्हणाले, "एकच हाय बाई थे. काल अन् आज."

मी एक फूल वहीत घालून आणलं. रंग टिकला नाही.

निकिता परत येताना आरशातून माझ्याकडे बघत होती. शाळेत असतानाही तिला ही खोड होती.

तुझी
ताई

*

यवतमाळ
१८ सप्टेंबर २०२५

प्रिय आभा,

अक्षर वाईट आलं आहे, सांभाळून घे.

परवा मंगळवारी दुपारी बाईला घुमटावर चढवलं होतं. पक्कं बसवायच्या आधी कशी दिसते ते पाहायला नुसतं दोरांनी बांधलं होतं. अजून रंगाचा शेवटचा हात बाकी, म्हणजे पाणी लागलं की लगदा. देवीलाल आणि त्यांची माणसं जेवायला गेली होती. मैदानात आम्ही दोघंच. एकाएकी आभाळ भरून आलं. आधी धूळ उठली, मग ताडपत्र्या फडफडायला लागल्या, आणि टपोरे थेंब.

पुंडलिकरावांनी वर पाहिलं. म्हणाले, "बाई, तुमची बाई भिजते."

मी काही म्हणायच्या आत ते मांडवाच्या बल्ल्यांवर चढले होते. चौसष्ट वर्षांचा माणूस! मी खालून ओरडत होते, "राहू द्या! उतरा! पुंडलिकराव, उतरा म्हणते ना!" वर्गातसुद्धा मी कधी इतकी ओरडले नाही. त्यांनी वर जाऊन दोर सोडले, बाईच्या कमरेला दोर बांधून तिला हळूहळू खाली सोडलं, मी तिला धरलं, आणि त्यांचा पाय ओल्या बांबूवरून सुटला. मधल्या फळीवर आपटले आणि तिथून कापडाच्या गठ्ठ्यांवर. गठ्ठे नसते तर काय झालं असतं ते मी मनात आणत नाही.

खांद्याचं हाड मोडलं आहे. डॉक्टर म्हणतात, भरून येईल, ऑपरेशन नको.

दवाखान्यात डोळे उघडल्याबरोबर विचारतात, "वाचली का थे?"

मी म्हटलं, "कागद होता तो! नुसता कागद! मी पुन्हा केला असता!"

"तुमी किती दिवस बसून केलं थे. मी पायत होतो ना रोज."

मग मी रडले. नर्ससमोर. हे तुला लिहायचं नव्हतं, पण लिहिलं गेलं. खोडत नाही.

निकिता नागपूरहून आली तेव्हा मी तिथे स्टुलावर बसले होते. साडीवर चिखल, केस ओले. ती म्हणाली, "बाई, तुम्ही घरी जा आता, मी आहे." मी उठले. मी दारापर्यंत पोचले तर म्हणाली, "आणि सकाळी लवकर या. गोळ्या घ्यायला लावायच्या आहेत. माझं ऐकणार नाहीत ते."

बाईचा मशालीचा हात तुटला होता. काल तो नव्याने केला. आज दवाखान्यात नेऊन दाखवला. त्यांनी डाव्या हाताने तो धरून बघितला आणि म्हणाले, "पयल्यापेक्षा चांगला हाय."

सोमवारी घटस्थापना.

तुझी
ताई

*

यवतमाळ
२६ सप्टेंबर २०२५

प्रिय आभा,

स्टेशन उभं आहे!

घुमट, घड्याळ, कमानी, रिकामा कोनाडा, टिपेश्वरचा वाघ, सगळं. देवी खाली जिन्याच्या पायथ्याशी बसली आहे, निळ्या छताखाली. संध्याकाळी दिवे लागले की रंगाचे डाग दिसत नाहीत आणि सगळं दगडाचं वाटतं. मी पहिल्या दिवशी रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिले. शेजारी एक बाई आपल्या नवऱ्याला म्हणत होती, "अवो, हे खरंच इतकं मोठं असन काय?" मला तिला सांगावंसं वाटलं, याहून कितीतरी मोठं आहे, माझी बहीण तिथेच रोज जाते.

गर्दी म्हणशील तर रांग पार मेन रोडपर्यंत. पांढरकवड्याहून, राळेगावहून ट्रॅक्टर भरून माणसं येतात. निकिता सुट्टी काढून आली आहे. ती माईकवर गाडीची घोषणा करते, अगदी त्या स्टेशनावरच्या बाईच्या आवाजात. "यवतमाळहून मुंबईला जाणारी गाडी थोड्याच वेळात…" लोक टाळ्या वाजवतात. काल एक म्हातारे आजोबा पिशवी घेऊन माझ्यापाशी आले. तरुणपणी ते आपल्या जुन्या छोट्या गाडीने, शकुंतलेने, मूर्तिजापूरला जायचे. म्हणाले, "बाई, हे गाडी खरंच सुटनार हाय का?" मी म्हटलं, कळंबपर्यंत रूळ आलेत बाबा, इथेही येतील. ते म्हणाले, "मंग मी थांबतो," आणि खुर्चीवर बसून राहिले. आरती झाल्यावर प्रसाद घेऊन गेले.

पुंडलिकराव हात गळ्यात बांधून फिरतात. लोक त्यांना घुमटाचं विचारतात आणि ते स्टीव्हन्स साहेबाची सगळी गोष्ट सांगतात, मी सांगितली होती तशीच, फक्त वऱ्हाडीत. साहेबाच्या तोंडी 'काहून बे' ऐकलं आणि मी आत निघून गेले, हसू आवरेना.

मंगळवारी अष्टमी. तू ये. विदर्भ एक्स्प्रेसने धामणगावला उतर, निकिता गाडी घेऊन येईल. मुंबईहून आलेल्या माणसाने बघून सांगायला हवं, जमलं की नाही.

तुझी
ताई

*

यवतमाळ
८ ऑक्टोबर २०२५

प्रिय आभा,

तू आलीस, मांडवासमोर थांबलीस, वर बघितलंस आणि म्हणालीस, "अगंबाई, ही तर आई." एवढ्या खालून ओळखलंस. त्या क्षणासाठी मी तुझी पुढची सगळी बोलणी विसरायला तयार आहे. पण त्यांना उत्तर द्यायला हवं, कारण तू उत्तर न ऐकता सकाळच्या बसने निघून गेलीस. चहा झाकून ठेवला होता.

स्वयंपाकघरात तू म्हणालीस, "म्हणजे हे होतं तर. या माणसासाठी तू माझ्या घरी आली नाहीस."

आता खोलीचा विषय तू काढला आहेस, म्हणून बोलते.

मी नाही म्हटलं तेव्हा पुंडलिकरावांना मी निकिताचे वडील म्हणून एवढंच ओळखत होते, पालकसभेला मागच्या बाकावर बसणारे. तू रागावू नकोस. तू तुझ्या घरी माझ्यासाठी खोली रंगवलीस, खिडकीला पडदे शिवलेस, माझ्या उंचीचं कपाट केलंस. यात काही खोटं नव्हतं. पण आभा, मी आईबाबांच्या घरात मुलगी म्हणून राहिले, मग त्यांच्या आजारपणात राहिले, शाळेत बाई म्हणून राहिले. आई गेल्यावर पहिल्यांदा असं झालं की सकाळी उठून मी माझ्या मनाने ठरवायचं, आज काय करायचं. मला भीती वाटेल असं तुला वाटलं होतं. मला नाही वाटली. मला आवडलं. ते तुला सांगायला गेले की तू म्हणायचीस, विचार कर, घाई करू नकोस. तुला माझं 'नाही' ऐकूच येत नव्हतं. माझ्या मनात तुझ्याबद्दल काही नव्हतं. मला फक्त माझं घर हवं होतं. एवढीच गोष्ट आहे, आणि तिच्यात कोणी पुरुष नाही.

पुरुष नंतर आला. तेही सांगते.

काल मांडव उतरवला. देवीचं विसर्जन झालं होतं. देवीलालच्या माणसांनी बांबू ट्रकमध्ये भरले, कापडाच्या घड्या केल्या, घड्याळ कोणाच्या तरी पोरांनी मागून नेलं. मैदान एकदम केवढं तरी मोठं झालं. दोन प्लास्टिकच्या खुर्च्या राहिल्या होत्या, त्यांवर आम्ही बसलो. त्यांनी रिकाम्या मैदानाकडे बघितलं. मग म्हणाले, "बाई, आता उद्यापासून मी कोन्त्या कामानं तुमच्याकडे येऊ?"

मी म्हटलं, "काम नसलं तरी या."

"मंग लोक इचारतीन."

"काय विचारतील?"

"थेच, जे मी इचारून राह्यलो."

आभा, मी एकसष्ट वर्षांची आहे. माझे कान लाल झाले.

मी त्यांना सांगितलं, माझं घर मी सोडणार नाही. शेतावर येईन, चार दिवस राहीन, पण घर माझं तेच. मला वाटलं, इथे अडणार. शेतकरी माणूस, चार लोकांत वावरणारा, बायकोच्या घरी राहायला कसा येईल? ते म्हणाले, "मंग मी सामान घेऊन येतो ना. माह्या घरात निकिता लग्न करून राहीन का नाई कोनाले मालूम. तुमच्या अंगनात लिंबाचं झाड हाय, मले थे आवडते."

"लोक हसतील तुम्हाला."

"हासू द्या. मी घुमटावरून पडलो तवा बी हासले."

निकिताला आम्ही दोघांनी मिळून सांगितलं. ती म्हणाली, "मला राळेगावहून येतानाच कळलं होतं, तुम्हालाच उशीर झाला."

आता तू. मी परवानगी मागत नाही, हे तुला कळलं असेल. पण लग्नाच्या नोंदणीला कचेरीत साक्षीदार लागतात, आणि माझ्या बाजूने सही करणारं माझं माणूस तू एकटीच आहेस. तू आली नाहीस तर विमलताई आनंदाने करतील. पण मला तुझी सही हवी आहे.

तुझी
ताई

*

यवतमाळ
२५ नोव्हेंबर २०२५

प्रिय आभा,

तुमची गाडी सुटली तेव्हा तू खिडकीतून काहीतरी म्हणालीस, ते ऐकू आलं नाही. फोनवर विचारलं असतं, पण फोनवर तू फार भराभर बोलतेस. पत्रात सावकाश लिही.

तू "तारीख सांग" एवढाच फोन केला होतास त्या दिवशी, तो ठेवल्यावर मी काय केलं माहीत आहे? शेजाऱ्यांच्या घरी जाऊन त्यांना सांगितलं की माझ्या बहिणीचा फोन होता. त्यांना काही कळलं नाही. मी तरी पुन्हा सांगितलं.

सही करताना तुझा हात थांबला होता. मी पाहिलं. मला वाटलं, आता ही पेन खाली ठेवते. तू नुसता चष्मा पुसलास आणि लांबलचक, पूर्ण नाव लिहिलंस, बाबांच्या नावासकट. कारकून म्हणाला, इतकं नको. तू म्हणालीस, असू द्या. सलीलरावांनी पेढे आणले तेही बरं केलं, आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

तू पुंडलिकरावांना सांगितलंस ना, की एकदा या, खरं स्टेशन दाखवते, तर ते तेव्हापासून तेच धरून बसले आहेत. धामणगावहून परत येताना सगळा रस्ता तेच. "आभाताई म्हनतात का आत जाऊन जिना पायता येते. खालून घुमट दिसते." मी म्हटलं, मेच्या उन्हाळ्यात नको, जानेवारीत जाऊ. आता जानेवारी पक्की समज. आम्ही तुझ्याकडे चार दिवस राहू. पाहुणे म्हणून.

आता तू गेल्यावरचं एक सांगते, मग संपवते.

परत आलो तर हे दाराशी थांबले. (बघ, 'हे' लिहिलं. आपोआप आलं.) यांच्या एका हातात शेतावरून आणलेली तुरीच्या शेंगांची पिशवी, दुसरा खांदा अजून जपून धरलेला. मी म्हटलं, चला आत. तर म्हणतात, "किल्ली तुमच्यापाशी हाय."

खरंच की. सामान आलं, ट्रंक आली, त्यांचा रेडिओ आला, आणि किल्ली एकच. मला सुचलंच नव्हतं. आजवर या घराला दुसरी किल्ली लागली नव्हती. आई असताना दार उघडंच असायचं.

काल सकाळी बाजारात जाऊन किल्ली करून आणली. त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली, ट्रॅक्टरच्या किल्लीच्या कडीत अडकवली आणि चपला घालून बाहेर गेले. मला वाटलं, देवीलालकडे गेले असतील. पण ते बाहेरच उभे होते. त्यांनी बाहेरून कुलूप लावलं, मला आत ठेवून! मी म्हटलं, अहो, हे काय? तेवढ्यात कुलूप खटकन उघडलं, दार लोटलं गेलं आणि ते आत आले.

"लागते बरं," ते म्हणाले. मग पायपुसण्यावर पाय पुसले, आत स्वयंपाकघराकडे बघितलं आणि जरा मोठ्याने म्हणाले, "आलो."

मी म्हटलं, "या." आणि शेंगा सोलायला घेतल्या.

तुझी
ताई